'कुड' म्हणजे 'शकलो' नव्हे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच इंग्रजी शब्दाविषयी आहेत. तो शब्द म्हणजे 'कॅन'च्या जोडीने आपण शाळेत शिकलेला 'कुड'. इतक्या वेगवेगळ्या गावांच्या आणि व्यवसायांच्या वाचकांना एकाच शब्दाने अडवावे, याचे कारण त्या शब्दात जेवढे आहे तेवढेच आपण तो ज्या मराठी शब्दाच्या आधारे शिकलो त्यातही आहे, असे मला वाटते. म्हणून या वेळचे सदर त्या एका शब्दाला दिले आहे. इंग्रजी वाक्ये उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

प्रश्न : मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. लंडनच्या सहकाऱ्यांना सतावणारा एक बिघाड आम्ही रात्रभर जागून दुरुस्त केला आणि सकाळी मी त्यांना कळवले, 'वी कुड सॉल्व्ह द प्रॉब्लेम.' त्यांचे उत्तर आले, 'दॅट वुड बी ग्रेट. व्हेन?' काम तर झाले होते. माझ्या वाक्यात काय चुकले?

उत्तर : तुमच्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही आणि म्हणूनच ती सापडत नाही. तुमच्या मनात 'आम्ही ही अडचण सोडवू शकलो' असे होते आणि 'शकलो'च्या जागी तुम्ही 'कुड' ठेवले. लंडनमध्ये ते वाक्य 'आम्हाला ही अडचण सोडवता येईल' असे वाचले गेले. काम झाल्याची बातमी तिकडे प्रस्ताव म्हणून पोहोचली आणि प्रस्तावाला जसे उत्तर द्यावे तसे त्यांनी दिले : फार बरे होईल, कधी करता?

'कॅन म्हणजे शकतो आणि कुड म्हणजे शकलो' ही जोडी आपण पाठ केलेली असते. तिचा पूर्वार्ध बहुतेक ठिकाणी निभावून जातो. उत्तरार्ध मात्र होकारार्थी वाक्यात बहुधा फसवतो. हे समजण्यासाठी इंग्रजीकडे जाण्याआधी आपल्याच भाषेकडे नीट पाहावे. 'लहानपणी मी आंब्याच्या झाडावर चढू शकत होतो' या वाक्यात अंगच्या क्षमतेची गोष्ट आहे. अमुक एका दिवशी मी चढलो की नाही, याबद्दल ते वाक्य काहीच सांगत नाही. 'त्या दिवशी मी झाडावर चढू शकलो' असे म्हटले, की चढणे प्रत्यक्ष घडले. 'मला पोहता येत होते' आणि 'मला पोहून पलीकडे जाता आले' यांतही हाच भेद आहे. तो मराठी माणूस न शिकता अचूक पाळतो. इंग्रजीतला 'कुड' हा 'शकत होतो' आणि 'येत होते' यांच्या बाजूचा शब्द आहे. 'शकलो' आणि 'आले' यांच्या बाजूला, म्हणजे एकदाच घडलेल्या आणि पार पडलेल्या गोष्टीसाठी, इंग्रजी माणूस दुसरे शब्द वापरतो.

रॉजर बॅनिस्टर या इंग्रज धावपटूने 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्ड येथे एक मैलाचे अंतर 3 मिनिटे 59.4 सेकंदांत कापले आणि चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस म्हणून त्याची नोंद झाली. त्याच्याविषयी 'ही कुड रन व्हेरी फास्ट' हे वाक्य बरोबर आहे, कारण वेगाने धावणे हा त्याचा गुण होता. त्या एका संध्याकाळच्या पराक्रमाविषयी सांगताना मात्र 'ही वॉज एबल टू रन अ माइल इन अंडर फोर मिनिट्स' किंवा 'ही मॅनेज्ड टू' असे म्हणतात. साधे 'ही रॅन' तर केव्हाही चालते. 'ऑन दॅट डे ही कुड रन अ माइल' असे इंग्रजी माणसाच्या तोंडी येणार नाही. 'मॅनेज्ड टू'मध्ये खटपट करून जमवल्याचा भाव आहे, जो आपल्या 'शकलो'मध्येही पुष्कळदा असतो, त्यामुळे रात्रभराच्या जागरणानंतर 'वी मॅनेज्ड टू सॉल्व्ह द प्रॉब्लेम' हे वाक्य तुमच्या मनातल्या अर्थाच्या सर्वांत जवळ गेले असते. श्रमाचा उल्लेख नको असेल तर 'वी हॅव सॉल्व्ह्ड द प्रॉब्लेम' एवढे पुरे.

नकारात मात्र ही अडचण नाहीशी होते. 'आम्ही ती सोडवू शकलो नाही' याला 'वी कुडन्ट सॉल्व्ह इट' हे निर्दोष इंग्रजी आहे, मग ती गोष्ट एकदाच घडलेली का असेना. यामागचा तर्क साधा आहे. क्षमता असली म्हणजे काम झालेच असे होत नाही. पण क्षमता नसेल तर काम झाले नाही, हे आपोआप ठरते. होकारात 'कुड' अर्ध्या वाटेवर थांबतो आणि नकारात शेवटापर्यंत पोहोचतो. याच कारणाने, ज्या वाक्यांत नकाराची छाया आहे तीही बिनधोक असतात : 'वी कुड ओन्ली गेट टू टिकिट्स', म्हणजे दोनच तिकिटे मिळाली, अधिक मिळाली नाहीत, 'आय कुड हार्डली स्टँड', म्हणजे मला धड उभेही राहवत नव्हते.

एक अपवाद येथेच सांगायला हवा, कारण चौकस वाचक तो मला नक्की लिहून कळवतील. पाहुणे आल्यावर इंग्रजी यजमान 'आय अ‍ॅम सो ग्लॅड यू कुड कम' असे म्हणतो. पाहुणे तर प्रत्यक्ष आलेले असतात, म्हणजे हा आपला 'येऊ शकलात'च झाला. आनंद, कृतज्ञता, समाधान यांच्या शब्दांमागून जोडवाक्यात येणारा 'कुड' घडलेल्या गोष्टीविषयी बोलू शकतो, कारण ती घडली हे समोर दिसतच असते. तुमच्या पत्रातला 'कुड' वाक्याच्या मुख्य क्रियापदात एकटा उभा होता आणि त्याला असा कोणताही आधार नव्हता.

या निमित्ताने 'आय कुड एबल टू' या प्रयोगाविषयी. तो आपल्याकडच्या कार्यालयीन पत्रांत इतका दिसतो, की अनेकांना तो शुद्ध वाटू लागला आहे. 'एबल'च्या आधी 'बी'चे एखादे रूप लागते, म्हणून 'वॉज एबल टू' लिहावे. 'कुड बी एबल टू' असाही प्रयोग आहे, पण त्याचा अर्थ 'कदाचित करू शकेन' असा होतो आणि तुमच्या लंडनच्या सहकाऱ्याने पुन्हा 'कधी?' असेच विचारले असते.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते. 'कुड' हा 'कॅन'चा भूतकाळ असे मी मुलांना सांगते. मग एक मुलगी विचारते, की 'कुड यू ओपन द विंडो?' हे तर आत्ताचे आहे, मग येथे भूतकाळ कसा? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. आणि त्याला 'येस, आय कुड' असे उत्तर द्यावे काय?

उत्तर : मुलीने फार चांगला प्रश्न विचारला आहे आणि त्याचे उत्तर तिला मराठीतूनच देता येईल. शेजारच्या काकांकडे काही काम घेऊन गेलेला माणूस दारातच म्हणतो, 'मला जरा तुमच्याशी बोलायचे होते.' बोलायचे तर आत्ता आहे, मग 'होते' कशाला? 'आहे' म्हटले तर मागणी थेट समोरच्याच्या अंगावर येते. 'होते' म्हटले की ती एक पाऊल मागे सरकते आणि काकांना 'आत्ता नको, संध्याकाळी ये' असे म्हणायला जागा राहते. क्रियापदाचे भूतकाळी रूप येथे गेलेला काळ दाखवत नाही, आदराचे अंतर दाखवते. 'कुड यू'मध्ये नेमके हेच घडते. इंग्रजीत 'आय वॉन्टेड टू आस्क यू' किंवा 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प मी' असेही म्हणतात, आणि त्यांतली भूतकाळी रूपे याच कामाची आहेत.

मराठीत विनंती करताना आदर ठेवण्याच्या जागा पुष्कळ आहेत. तू, तुम्ही, आपण यांतून निवड करता येते. क्रियापदाला 'उघडता का', 'उघडाल का' अशी रूपे आहेत. शिवाय 'जरा' हा एक शब्द वाक्याची धार कमी करतो. इंग्रजीत एकेकाळी एकट्या माणसासाठी 'दाउ' असे वेगळे सर्वनाम होते, पण ते प्रमाण भाषेतून मागे पडले आणि लहानथोर सर्वांसाठी एकच 'यू' उरला. सर्वनामातून दाखवायची अदब मग 'कुड', 'वुड' आणि 'प्लीज' यांच्याकडे आली. म्हणून 'तुम्ही जरा खिडकी उघडाल का?' याचे भाषांतर करताना 'तुम्ही', 'जरा' आणि 'उघडाल' या तिन्हींचे वजन त्या एकट्या 'कुड'ने पेललेले असते. 'कॅन यू' उद्धट आहे असे मात्र मुलांना शिकवू नये. घरात, मित्रांत, रोजच्या सहकाऱ्यांत ते सर्रास चालते. अनोळखी माणसाकडे किंवा मोठ्या कामासाठी 'कुड यू' अधिक शोभते. आणि स्वर चढवून 'कुड यू बी क्वायट!' म्हटले, तर तो कितीही 'कुड' असला तरी हुकूमच असतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. 'येस, आय कुड' ऐकले की समोरचा माणूस पुढच्या 'पण'ची वाट पाहू लागतो, कारण त्या वाक्याचा अर्थ 'हो, उघडू शकेन खरा' असा अर्धवट राहतो. विचारताना 'कुड' असला तरी होकार देताना 'ऑफ कोर्स', 'शुअर' किंवा 'येस, आय कॅन' असे म्हणावे. परवानगीचेही तसेच. 'कुड आय बॉरो युअर पेन?' असे नम्रपणे विचारायचे, आणि देणाऱ्याने मात्र 'येस, यू कॅन' असे मोकळेपणाने म्हणायचे. अंतर मागणाऱ्याने राखायचे असते. देणाऱ्यानेही राखले तर द्यायची इच्छा नाही असे वाटते.

मुलांना एक जोडी अवश्य द्यावी. 'जरा पाणी मिळेल का?' आणि 'कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?' या वाक्यांत एकाचा भविष्यकाळ आहे, दुसऱ्याचे रूप भूतकाळी आहे, आणि दोन्ही वाक्ये आत्ताच्या तहानेविषयी आहेत. काळाचे रूप आणि काळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मुलांना यातून जितके चटकन कळेल तितके व्याख्येतून कळणार नाही.

प्रश्न : मी रत्नागिरीला राहतो. निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या किल्ल्यांविषयी मेलबर्नच्या नातवासाठी इंग्रजीत लिहीत असतो. 'फ्रॉम द टॉप आय वॉज सीइंग द सी अँड वॉज हिअरिंग द वेव्ह्ज' असे मी लिहिले, ते त्याने 'आय कुड सी द सी अँड हिअर द वेव्ह्ज' असे सुधारले. माझ्या मनात 'शकत होतो' नव्हतेच, नुसते 'दिसत होते' आणि 'ऐकू येत होते' असे होते. मग हा 'कुड' कोठून आला?

उत्तर : तो तुमच्या 'दिसत होते'मध्येच होता. हा सगळ्या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे, कारण येथे आपण 'कुड' चुकीच्या जागी वापरत नाही, तर योग्य जागी वापरायला विसरतो.

'मी पाहत होतो' आणि 'मला दिसत होते' यांत मराठीने फार नेटका भेद केला आहे. पाहणे हे माझे काम. दिसणे हे माझ्याकडे आपसूक येणे. इंग्रजीत पाहणे, ऐकणे, वास येणे, जाणवणे या अनुभवांची क्रियापदे अशा अर्थाने चालू काळात सहसा वापरत नाहीत. काही काळ टिकलेला अनुभव सांगायचा असेल, तर तेथे 'कुड' येतो : 'आय कुड सी', 'आय कुड हिअर', 'आय कुड स्मेल', 'आय कुड फील'. समजणे आणि आठवणे यांचेही तसेच. म्हणून मराठीत ज्या वाक्याचा अनुभव घेणारा 'मला'ने सुरू होतो आणि क्रियापद 'दिसत होते', 'ऐकू येत होते', 'जाणवत होते', 'कळत होते' असे असते, तेथे इंग्रजीत 'कुड' घालून पाहावा. तो बहुधा बसतो. आणि येथे तो एकाच प्रसंगाविषयी असला तरी बिघडत नाही, म्हणजे पहिल्या उत्तरातला नियम येथे सैल होतो.

26 नोव्हेंबर 1922 रोजी हॉवर्ड कार्टर या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामेन याच्या थडग्याच्या बंद दाराला भोक पाडून मेणबत्तीच्या उजेडात आत डोकावले, तेव्हा मागे उभ्या असलेल्या, उत्खननाचा खर्च करणाऱ्या लॉर्ड कार्नार्व्हनने काही दिसते आहे का, असे विचारले. ही गोष्ट इंग्रजीत सांगताना 'कार्नार्व्हन आस्क्ड हिम इफ ही कुड सी एनिथिंग' असे सांगतात. या 'कुड'मध्ये दोन कारणे एकत्र आली आहेत. एक, दिसण्याचा अनुभव. दुसरे, मूळ प्रश्नातला 'कॅन' दुसऱ्याने सांगताना 'कुड' होतो. आपण मात्र 'दिसते आहे का, असे त्याने विचारले' असा काळ न बदलता सांगतो, म्हणून हा बदलही आपल्याकडून राहून जातो.

तुमच्या लेखनात आणखी एक रूप नक्की येत असेल, ते म्हणजे 'सापडेना', 'आठवेना', 'आवरेना'. हे रूप मला मराठीचे वैभव वाटते. त्यात प्रयत्न आहे, त्याचे निष्फळ ठरणे आहे आणि त्या क्षणीची घालमेलही आहे, आणि 'शकणे' कोठेच नाही. 'किल्ली सापडेना' म्हणजे 'आय कुडन्ट फाइंड द की'. 'त्याचे नाव आठवेना' म्हणजे 'आय कुडन्ट रिमेंबर हिज नेम'. 'हसू आवरेना' याला तर 'आय कुडन्ट हेल्प लाफिंग' असा ठरलेलाच प्रयोग आहे. 'मला ते बघवले नाही' याला 'आय कुडन्ट बेअर टू वॉच' म्हणतात. आपल्या 'बघवणे' या शक्य क्रियापदातला 'व' येथे 'कुड' आणि 'बेअर' या दोन शब्दांत वाटला गेला आहे. मात्र हट्टीपणा वस्तूचा असेल तर शब्द बदलतो. 'दार उघडेना' आणि 'गाडी सुरू होईना' यांत दार आणि गाडी ऐकत नाहीत, म्हणून 'द डोअर वुडन्ट ओपन', 'द कार वुडन्ट स्टार्ट' असे म्हणतात. 'मला दार उघडता येईना' असे माझ्या बाजूने सांगितले, की पुन्हा 'आय कुडन्ट ओपन द डोअर'.

प्रश्न : मी लातूरला अकरावीत शिकते. 'कुड'च्या स्पेलिंगमध्ये 'एल' आहे, पण उच्चारात नाही. असे का?

उत्तर : तो 'एल' शेजाऱ्यांकडून आला आहे. 'वुड' आणि 'शुड' यांच्या मूळ रूपांत, म्हणजे 'विल' आणि 'शॅल' यांच्यात, 'एल' आहे, म्हणून त्यांच्या भूतकाळी रूपांतही तो हक्काने आहे. 'कॅन'मध्ये तो कधीच नव्हता. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचे भूतकाळी रूप साधारण 'कूथे' असे होते, पुढे 'कूदे'सारखे झाले, आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सुमारास 'वुड', 'शुड' यांच्या पंक्तीत बसवण्यासाठी लिहिणाऱ्यांनी त्यात 'एल' घातला. 'वुड' आणि 'शुड' यांच्या उच्चारातूनही पुढे तो गळाला, त्यामुळे आज तिघांचाही 'एल' फक्त कागदावर आहे.

या क्रियापदाचा मूळ अर्थ 'जाणणे' असा होता. 'कॅन', 'नो' आणि आपले 'जाणणे' हे शब्द अंती एकाच प्राचीन धातूकडे जातात. संस्कृतातला 'ज्ञा' त्याच कुळातला. 'अनकूथ' या इंग्रजी शब्दात ते जुने 'कूथ' अजून टिकून आहे. त्याचा आजचा अर्थ असंस्कृत असा असला तरी आधीचा अर्थ 'अनोळखी' असा होता. जाणणे आणि करता येणे यांचे नाते आपणही ओळखतोच : 'मला इंग्रजी येते' या वाक्यात ज्ञानही आहे आणि क्षमताही.

उच्चाराबाबत एवढे लक्षात ठेवावे, की 'कुडाची भिंत' म्हणताना येतो तसा यातला उकार र्‍हस्व आहे, 'फूड'सारखा दीर्घ नाही. हा शब्द 'गुड'शी जुळतो. वाक्यात त्यावर जोर नसेल तेव्हा तो 'कड'सारखा ओझरता ऐकू येतो, आणि 'कुड यू' तर भराभर बोलताना 'कुजू' होते. 'कुड हॅव'चे 'कुडव्ह' होते आणि त्यामुळे जन्माने इंग्रजी बोलणारी माणसेही ते पुष्कळदा 'कुड ऑफ' असे चुकीचे लिहितात. तुम्ही ते लिहू नये.

प्रश्न : मी नागपूरला वृत्तपत्रासाठी बातम्यांची भाषांतरे करतो. 'द फायर कुड हॅव स्टार्टेड इन द किचन' याचे मी 'आग स्वयंपाकघरात लागली असती' असे भाषांतर केले. संपादकांनी ते बदलून 'लागली असावी' असे केले. शाळेत तर 'कुड हॅव' म्हणजे 'शकले असते' असेच शिकवले होते.

उत्तर : संपादकांचे बरोबर आहे आणि शाळेत शिकवलेलेही खोटे नाही. 'कुड हॅव' दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतो. पहिली, शक्य असून न घडलेली गोष्ट. दुसरी, घडली की नाही हे ठाऊक नसलेली गोष्ट, म्हणजे अंदाज. मराठीत या दोहोंना वेगळी रूपे आहेत : न घडलेल्याला 'असती', अंदाजाला 'असेल' किंवा 'असावी'. इंग्रजी दोन्हींसाठी एकच रूप वापरते आणि निवाडा संदर्भावर सोडते. तुमच्या बातमीत आग प्रत्यक्ष लागलेली होती, शोध फक्त जागेचा होता, म्हणून तेथे अंदाजच योग्य. 'लागली असती' म्हटल्यावर, लागता लागता राहिली, असा अर्थ होतो आणि बातमी उलटीच होते.

न घडलेल्या शक्यतेचे उदाहरण पाहायचे तर टायटॅनिक जहाजाचे घ्यावे. 15 एप्रिल 1912 च्या पहाटे ते बुडाले, तेव्हा त्याच्यावरच्या 20 जीवरक्षक नौकांत एकूण 1178 माणसांची सोय होती आणि वाचली सुमारे 700. कित्येक नौका पुऱ्या भरण्याआधीच खाली सोडल्या गेल्या होत्या. त्याविषयी 'मोर पीपल कुड हॅव बीन सेव्ह्ड' असे लिहिलेले असते, तेव्हा ते 'आणखी माणसे वाचू शकली असती' असेच वाचावे. येथे अंदाजाला जागा नाही, कारण ती वाचली नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे. भाषांतर करताना प्रत्येक वेळी स्वतःला हाच प्रश्न विचारावा : लिहिणाऱ्याला निकाल ठाऊक आहे काय? ठाऊक असेल तर 'असते', नसेल तर 'असावे'. 'ही कुड हॅव मिस्ड द ट्रेन' हे एकच वाक्य तो स्थानकावर अजून दिसत नसताना 'त्याची गाडी चुकली असेल' होते आणि तो धापा टाकत डब्यात चढल्यावर 'गाडी चुकली असती' होते.

'कुडन्ट हॅव'मध्ये मात्र अंदाजाची डळमळ राहत नाही. 'इट कुडन्ट हॅव बीन हिम' म्हणजे 'तो असणे शक्यच नाही'. त्याला 'तो नसावा' असे मऊ करू नये. त्यासाठी इंग्रजीत 'माइट नॉट हॅव' आहे. वर्तमानाविषयीही हाच फरक : 'इट कुड बी ट्रू' आणि 'इट माइट बी ट्रू' जवळजवळ सारखे, पण 'इट माइट नॉट बी ट्रू' म्हणजे 'कदाचित खरे नसेल' आणि 'इट कुडन्ट बी ट्रू' म्हणजे 'खरे असूच शकत नाही'. बातमीत या दोहोंची अदलाबदल झाली, तर एखाद्या माणसावरचा संशय पुसला जातो किंवा उगाच राहतो, म्हणून येथे मी सावधगिरीचा आग्रह धरतो.

संवादांचे भाषांतर करताना तिसरा अर्थही भेटेल. 'यू कुड हॅव टोल्ड मी!' यात शक्यता नसते, तक्रार असते. 'तू मला सांगू शकला असतास' हे त्याचे शब्दशः भाषांतर निर्जीव आहे. घरात आपण 'निदान मला सांगायचेस तरी!' असे म्हणतो, आणि तेच लिहावे.

प्रश्न : गोव्यात आमचे छोटे अतिथिगृह आहे. ब्रिटिश पाहुणे 'आय कुड डू विथ अ कप ऑफ टी' म्हणतात. एक गृहस्थ तर रात्री येऊन म्हणाले, 'आय कुड मर्डर अ करी.' याचा अर्थ काय समजावा, आणि उत्तर काय द्यावे?

उत्तर : पहिल्या वाक्यात 'करू शकतो' असे काही नाही. 'चहा मिळाला तर बरे होईल' असा त्याचा अर्थ आहे. 'मला चहा हवा' असे थेट न म्हणता, मिळाला तर आवडेल, असे ते गृहस्थ सुचवतात. अमेरिकी पाहुणे याच अर्थाने 'आय कुड यूज सम कॉफी' म्हणतात. निर्जीव वस्तूंविषयीही हा प्रयोग होतो : एखाद्या पाहुण्याने 'द रूम कुड डू विथ अ क्लीन' म्हटले, तर खोली झाडून घ्यायला हवी, अशी ती सौम्य भाषेतली तक्रार आहे आणि ती लगेच मनावर घ्यावी.

दुसऱ्या वाक्यातला 'मर्डर' ऐकून दचकू नये. ब्रिटनच्या बोलीत एखादा पदार्थ खाण्याची किंवा पेय पिण्याची अनिवार इच्छा सांगण्याची ती ठरलेली पद्धत आहे. आपणही कडकडून भूक लागली असता 'आता काहीही खाईन' म्हणतो, तशीच ती आहे. यातल्या 'कुड'मध्ये 'मिळाली तर' ही अट न बोलता दडलेली असते. 'कुड' अशी अट पोटात ठेवून फार वेळा येतो, आणि ती अट ओळखली की अशी निम्मी वाक्ये उलगडतात.

'आय कुडन्ट अ‍ॅग्री मोर' असे एखाद्या पाहुण्याने म्हटले तर तो तुमच्याशी असहमत आहे, असे समजू नये. 'याहून अधिक सहमत होणे मला शक्यच नाही', म्हणजे पूर्ण सहमत, असा तो अर्थ आहे. 'द फूड कुडन्ट बी बेटर' ही त्याच साच्याची शाबासकी. याच साच्यातले 'आय कुडन्ट केअर लेस' म्हणजे 'मला त्याचे काडीचेही पडलेले नाही', आणि अमेरिकेत पुष्कळ लोक तेच नकार गाळून 'आय कुड केअर लेस' असे म्हणतात. नकार गेला तरी अर्थ बदलत नाही.

राहिला उत्तराचा प्रश्न. चहाच्या वाक्याला 'येस, यू कुड' असे उत्तर देऊ नये. 'शॅल आय मेक यू वन?' म्हणजे 'करून आणू का?' असे विचारावे. आणि करीच्या वाक्याला, स्वयंपाकघर उघडे असेल तर, त्या रात्री काय शिजले आहे ते सांगावे.